खरी नक्कल

आमच्या घरात दोन टेप समोरासमोर मांडले की कुणी तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. एक टेप आप्पांचा, मोठा, दोन स्पीकरचा. दुसरा दादानं मुंबईहून परतलेल्या दोस्ताकडून घेतलेला, लहान आणि जरा बहिरा. दोन्ही जोडायची वायर मिळते हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती भूमच्या बाजारात नव्हती आणि तेवढ्यासाठी बार्शी गाठावी इतकी निकड कुणाला वाटली नाही. मग दादा दोन्ही टेप एकमेकांकडं तोंड करून भुईवर ठेवी, मध्ये वीतभर जागा सोडी, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून वरून मायची जाड गोधडी तंबूसारखी टाकी, आणि आत हात घालून एकाचं गाणं सुरू करून दुसऱ्याचं लाल बटण दाबी. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत घर मुकं होई. माय भाकरी थापायची थांबे आणि पीठ लागलेले हात हवेत धरून बसे. मी दळण पाखडत असले तर सूप मांडीवर ठेवून देई. पण आमच्या घरात फक्त माणसंच होती असं नाही. कोंबडा होता, शेजारची खोकणारी म्हातारी होती, कढईत तडतडणारी मोहरी होती, आणि गोधडी किती जाड असली तरी हे सगळं नकलेत उतरायचं. एका गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात माय नियम विसरून मला "मंदे, चुलीतलं लाकूड मागं वढ" असं म्हणते. तामलवाडीच्या मामीला आम्ही ती नक्कल दिली होती. मामी ते गाणं त्या ओळीसकट म्हणायची.

नकला करण्यामागं हौस कमी आणि आप्पांचा अनुभव जास्त होता. आप्पा एस.टी.त कंडक्टर. त्या नोकरीच्या आधी त्यांना एक बरी नोकरी लागत होती, तिथल्या साहेबानं शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागितला, आप्पांनी दिला, आणि तो दाखला त्या कचेरीच्या कुठल्या तरी खणात गेला तो गेलाच. "असा दाखला आलाच नव्हता" असं त्यांना तोंडावर सांगण्यात आलं. आमच्यासारख्या घरांत बुद्धाच्या तसबिरीखाली एक पत्र्याची ट्रंक असते आणि त्या ट्रंकेत दाखले असतात, हे मी पुढं पुष्कळ घरांत पाहिलं. आप्पांनी त्या दिवसापासून एक धोरण धरलं ते एक वेळ वगळता मरेपर्यंत सोडलं नाही. मूळ प्रत कुणाच्या हातात द्यायची नाही. जगाला नक्कल दाखवायची. पहिली कॅसेट घरात आली, म्हणजे बाबासाहेबांवरच्या गाण्यांची, तेव्हा ती त्यांनी एकदा सगळ्यांना बसवून ऐकवली आणि फडक्यात बांधून दाखल्यांशेजारी ठेवून दिली. दुष्काळाची धूळ होती, टेप फिती गिळत होते, हेही कारण होतंच. ऐकायची ती नक्कल. आणि प्रत्येक नकलेच्या कागदावर आप्पा आपल्या वळणदार अक्षरात 'खरी नक्कल' असं लिहीत, खाली सही करीत आणि सहीखाली बिल्ल्याचा नंबर टाकीत. दादा हसायचा. "आप्पा, गाण्याला कोण विचारतंय खरंखोटं?" आप्पा म्हणायचे, "विचारलं म्हंजे?"

मी पुढं नोकरीभर एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं. तिथं भिंतीवर पाटी होती, की संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढणं कायद्यानं गुन्हा आहे. पाटीच्या खालीच झेरॉक्सचं मशीन होतं आणि ते कॉलेजनंच बसवलेलं होतं. विकत घेतलेल्या वस्तूची नक्कल आपल्यासाठी करायला आपण कितपत मोकळे आहोत, या प्रश्नावर मी बरंच वाचलं. वाचून झाल्यावर एवढंच कळलं, की उत्तर नेहमी विचारणारा कोण आहे यावर ठरतं.

तो काळच अंगावर येणारा होता. पाऊस नाही म्हटल्यावर माणसं आधी गप्प होतात आणि मग भांडतात. टँकर आला की बायका घागरी डोक्यावर घेऊन नव्हे, हातात हत्यारासारख्या धरून धावत. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका बाईनं दुसरीच्या कपाळावर घागर हाणली, रक्त वाहत असताना त्या दुसरीनं आपला हंडा आधी भरून घेतला आणि मग खाली बसली. दूध संघाच्या निवडणुकीत पॅनेलवाल्यांनी एकमेकांची डोकी फोडली आणि निकालाच्या दिवशी त्याच डोक्यांवर गुलाल टाकला. घरात हुलग्याचं माडगं, भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. भाजी दिसली तर माय विचारी, कुणाकडनं आणलीस. मारायचं काम आमच्या घरात मायकडं होतं. आप्पांनी आम्हाला कधी बोट लावलं नाही, पण मायचा हात उलथन्यासकट यायचा. मार खाताना ओरडलं की जास्त बसतो हे मी आणि दादा लहानपणीच शिकलो होतो. पुढं हे शिक्षण उपयोगी पडलं, नको तिथं पडलं.

दूध संघाच्या दारात राजाभाऊचं कॅसेट सेंटर होतं. राजाभाऊ म्हणजे संघाचे चेअरमन आबासाहेब यांचा भाचा. आबासाहेबांना हारतुऱ्यांची इतकी सवय झाली होती की मान मोकळी राहिली तर ते अस्वस्थ होत. भाच्यानं तेवढा पल्ला गाठला नव्हता, पण दुकानात खुर्चीमागं त्यानं 'अधिकृत विक्रेता' असं प्रमाणपत्र चौकटीत लावलं होतं. त्याच्या खाली बसून तो दिवसभर कोऱ्या कॅसेटमध्ये लोकांना हवी ती गाणी भरून देई. त्याच्याकडं दोन खणांचा टेप होता, त्यामुळं त्याच्या नकलांत कोंबडा नसायचा. आमची मूळ कॅसेटही आप्पांनी त्याच्याकडूनच घेतली होती. बिल मागितल्यावर तो म्हणाला होता, "कंडक्टर, ही काय एस.टी. हाय का?"

जयंतीच्या आधी आमच्या वस्तीतल्या पोरांनी दादाकडं नकला मागितल्या. दादानं आयटीआयला वायरमनचं शिकून घेतलं होतं, वीज मंडळाच्या मुलाखतीचं बोलावणं यायचं होतं, हातात वेळ होता. ज्याची त्यानं कोरी कॅसेट आणायची, दादा भरून देणार, आप्पा सही करणार. पैशाचा प्रश्न नव्हता. तेरखेड्याला सरूआत्याला एक गेली, तामलवाडीला एक गेली, आजूबाजूच्या वस्त्यांत गेल्या. मिरवणुकीत कर्ण्यावर सगळीकडं आमच्याच घरातला कोंबडा आरवला. राजाभाऊनं जयंतीसाठी म्हणून त्या गाण्यांचा खोकाभर माल मागवून ठेवला होता, तो तसाच राहिला. मिरवणूक संघाच्या दारावरून गेली तेव्हा दोनचार दगड आले, एक कर्ण्याला लागला, एक माझ्या खांद्याला. पुढं आठवडी बाजारात राजाभाऊनं दादाला अडवलं.

"गाणी भरतू म्हनं तू?"

"आमचीच हायती. इकत घेतल्याली. तुमच्याकडनंच."

"कॅसेट तुझी, गाणं तुझं न्हाय. कायदा कडक झालाय आता, वाचलंस का पेपरात? आत टाकीन."

"मग तुमी दिवसभर काय करता?" दादानं विचारलं.

राजाभाऊ हसला. भोवतीची माणसंही हसली, आणि ते हसू कुणावर आहे हे राजाभाऊला नीट कळलं नाही. मला वाटतं जे पुढं झालं ते तिथंच ठरलं.

आप्पा ड्युटीवर होते. सकाळच्या भाकरी चालल्या होत्या. गोधडीखाली गाणं चालू होतं, दादा गुडघ्यांवर बसून होता. माय चुलीपाशी, तव्यावर भाकरी, हात थांबलेले. दार उघडंच असायचं. राजाभाऊ आत आला आणि त्याच्यामागं दुधाच्या गाडीवरची दोन माणसं. "पंचनामा करायचाय," असं काहीतरी तो म्हणाला. आणि दादानं, टेप चालू असताना आम्ही एकमेकांना करायचो तशी, ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहायची खूण केली.

त्यानं ती मुद्दाम केली का, हे मी त्याला अनेकदा विचारलं. तो म्हणतो, हात आपोआप गेला. राजाभाऊला मात्र जन्मात कुणी गप्प बस म्हटलेलं नव्हतं, आणि आमच्या वस्तीतल्या पोरानं तर नाहीच. त्यानं दादाच्या मुस्काटात ठेवून दिली. दादा गप्प राहिला. दुसरी दिली. दादा गप्प राहिला, मायही गप्प, मीही गप्प. टेप चालू होता. मी आज हे लिहिताना माझंच मला खरं वाटत नाही, पण त्या कॅसेटमध्ये ते आहे. गाणं चाललंय, त्यात दोन थपडांचे आवाज येतात आणि सहा माणसांच्या श्वासांखेरीज काही ऐकू येत नाही. मार खाणाऱ्यानं गप्प राहिलेलं पाहून मारणारा शांत होत नाही. राजाभाऊनं गोधडीत हात घालून मोठा टेप कडीला धरून ओढला, गोधडी लहान टेपवर कोसळली. त्यानं तो टेप डोक्यावर उचलला. दादानं उजवा हात आडवा धरला. टेप हातावर आला. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो, आपण पाय देऊन काटकी मोडतो तेवढाच. टेपचं झाकण उघडून मूळ कॅसेट बाहेर पडली, राजाभाऊनं ती टाचेखाली घेऊन फिरवली आणि आमच्या जातीचं जुनं नाव घेऊन जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. कॅसेटमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं.

मग नियम मोडला. मायनं तव्यावरचं उलथनं उचललं आणि राजाभाऊच्या कानावर हाणलं. उलथनं तापलेलं होतं. तो असा ओरडला की बाहेर कुत्री भुंकली. एकानं मायच्या पोटात बुक्की मारली, ती भाकरीच्या परातीवर पडली. मी चुलीतलं पेटतं लाकूड ओढून त्याच्या पायावर टेकवलं आणि तो नाचायला लागला तरी टेकवून धरलं. मला वाईट वाटलं नाही. तिसऱ्यानं दादाच्या मोडक्या हाताला धरून त्याला फरफटत दारापर्यंत नेलं. दादाचा तो आवाज मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकला नाही. जाताना त्यांनी फळीवरच्या आप्पांच्या सहीच्या नकला तेवढ्या खोक्यात भरल्या. मोठ्या टेपचे तुकडे, पीठ आणि रक्त भुईवर. दादा दारात पालथा. माय परातीवरून उठायचा प्रयत्न करत होती. आणि तेवढ्यात गोधडीखाली खट्ट झालं. एक बाजू संपली होती.

आप्पा संध्याकाळी आले ते आधी दादाला घेऊन दवाखान्यात आणि मग मला घेऊन ठाण्यात गेले. आमच्या आधी राजाभाऊची तक्रार पोचली होती. फौजदारांच्या टेबलावर खोकं होतं.

"ह्या सह्या तुमच्या?"

"माझ्याच, साहेब."

"काय लिहिलंय?"

"खरी नक्कल."

"म्हणजे नक्कल केली हे कबूल."

"खरी हाय हे बी लिवा, साहेब."

फौजदार वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा सांगितला. मग म्हणाले, "घरात ऐकायला एखादी केली असती तर मी बघितलंही नसतं. तुम्ही गावोगाव वाटल्या. मूळ कॅसेट तरी दाखवा, म्हणजे विकत घेतली होती एवढं म्हणता येईल."

"ती राजाभाऊच्या टाचंखाली गेली. बिल त्यानं दिलं न्हाय."

"मारहाणीला साक्षीदार?"

"बायकू अन् ही पोरगी."

"घरचेच झाले."

"घरात घुसून मारलं, साहेब. घरचेच असत्याल."

तेव्हा मी बोलले, की सगळं टेपमध्ये आहे. फौजदारांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या घरात पुढं कित्येक दिवस भांडणाला पुरलं. कॅसेट आणून जमा करा, ते म्हणाले, राजाभाऊ सुटणार नाही. पण त्यात गाणं आहे. ती भरलेली आहे आणि तुम्ही भरली आहे. ती टेबलावर आली की या खोक्यात आणखी एकाची भर पडली, आणि ही एक तुम्ही स्वतःच्या हातानं आणून दिलेली. खटला लागला तर कंडक्टरची नोकरी लटकते. नाही आणली तर हात कुणी मोडला हे कुणालाच माहीत नाही.

दादाचा हात प्लास्टरमध्ये होता आणि बोटं हलत नव्हती. वीज मंडळाचं बोलावणं आलं, मुलाखतीत त्यांनी त्याला खांबावर चढून दाखवायला सांगितलं, तो तसाच परत आला. त्या रात्री जेवताना माय म्हणाली, "जाऊ द्या, एक हात गेला, आता पगार बी घालवू नका." तिनं हे आम्हा पोरांना मारायची त्याच आवाजात सांगितलं. दादा ताटावरून उठला. "हात माजा गेलाय," तो म्हणाला, "आन् चोर बी मीच?" आप्पांसमोर एक नवाच पेच होता. गाण्याची ती नक्कल होती, पण मारहाणीची तीच मूळ प्रत होती, आणि मूळ प्रत कचेरीत द्यायची नाही हे त्यांचं धोरण. शेवटी त्यांनी ठरवलं, की द्यायची की नाही ते नंतर बघू, आधी तिची नक्कल करून ठेवू. आमच्याकडं आता एकच टेप उरला होता. नक्कल करायला लागणारा दुसरा राजाभाऊच्या दुकानात होता, किंवा मग तेरखेड्याला, सरूआत्याच्या शेजारणीकडं. मी लहान टेप आणि कॅसेट पिशवीत घालून वर हुलग्याची पुरचुंडी ठेवून एस.टी.त बसले.

तेरखेड्यात फटाक्यांचं काम. आत्या मजुरीनं वाती वळायची, तिची बोटं कायम काळी आणि तिच्या जवळ बसलं की फटाक्यांच्या दारूचा वास यायचा. तिथं कुणी तरी कुठं तरी माल उडवून बघत असतं, त्यामुळं दिवसभर अधूनमधून बार होतात आणि लोक बोलता बोलता थांबतही नाहीत. शेजारणीचा टेप आणला, गोधडी घातली, आत्याच्या सोबतच्या बायका वाती वळत होत्या त्यांना मी नियम सांगितला. कुणी आवाज करायचा नाही. मग मी बटण दाबलं.

त्यांना वाटलं गाणं आहे. गाणंच सुरू झालं, एकीनं मानही डोलावली. पहिल्या थपडेला आत्यानं माझ्याकडं पाहिलं. दुसरीला तिला कळलं. दादा आत्याच्याच हातावर वाढलेला, माझ्या जन्मानंतर माय अंथरुणाला खिळली होती तेव्हा आत्यानं त्याला वर्षभर सांभाळलं होतं. हाड मोडलं तेव्हा तिनं आपला काळा हात तोंडात कोंबला. बायका वाती हातात धरून दगडासारख्या बसल्या. एकीच्या डोळ्यातून पाणी गळत होतं आणि ती नाक ओढत नव्हती, आवाज होईल म्हणून. बाहेर बार झाला, मग आणखी एक. शेवटचं खट्ट वाजेपर्यंत आत्या तशीच होती. हात काढला तेव्हा तिच्या मनगटाच्या खाली दातांची कमान उमटली होती आणि ओठ दारूनं काळे झाले होते. ती मला म्हणाली, "तुज्या बापाला सांग, ही जमा कर. न्हायतर म्या येऊन करती."

मी परत आले त्याच आठवड्यात आबासाहेबांचा निरोप आला. सकाळचं दूध घालून झालं की संघात या, मिटवू. दोघांनी आपापल्या तक्रारी मागं घ्यायच्या, आणि ती कॅसेट तेवढी आणायची, सगळ्यांसमोर खात्री करून मोडून टाकू. आप्पांनी तेरखेड्याची नक्कल घेतली. आम्ही चौघंही गेलो. संघाच्या हॉलमध्ये दुधाच्या किटल्या घेऊन आलेली माणसं होती, सगळ्या जातींची, आबासाहेब हार नसलेल्या मानेनं खुर्चीत आणि राजाभाऊ कानाला पट्टी लावून शेजारी. संघानं आबासाहेबांची भाषणं भरून ठेवायला एक भारी टेप घेतला होता. त्यावर कॅसेट लावली.

"पयल्यापसनं लावा," आबासाहेब म्हणाले. "खात्री झाली पायजे. मागनं कुनी म्हनाय नको."

लोक ऐकू लागले. थपडा ऐकल्या, हाड ऐकलं. तेरखेड्याचा बार झाला तेव्हा एक धनगर म्हातारा दचकून म्हणाला, "बंदूक बी हुती का?"

"न्हाय बाबा, ते तेरखेड्याचं हाय," आप्पा गंभीरपणे म्हणाले.

राजाभाऊ आमच्या जातीवरून जे बोलला ते आलं तेव्हा हॉलमध्ये कुणाची चुळबुळ झाली नाही. काहींनी मान खाली घातली, काहींना त्यात विशेष वाटलं नाही, हेही सांगायला हवं. मग उलथन्याचा आवाज आला आणि त्यामागं राजाभाऊची ती लांबलचक किंकाळी. मागच्या बाजूला कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरा हसला. दूध घालणारी माणसं किटल्यांवर हात ठेवून हसू दाबत होती आणि ते दबत नव्हतं. आबासाहेब उठले. त्यांनी टेप बंद केला, वळले आणि राजाभाऊला सगळ्यांदेखत अशी एक लगावली की कानाची पट्टी निघून भिंतीला चिकटली.

"झालं," ते आप्पांना म्हणाले. "फिटलं? आता तक्रार मागं घ्यायच्या कागदावर सही करा."

त्यांच्या चेहऱ्यावर न्याय केल्याचं समाधान होतं. मी तेव्हाही पाहिलं आणि आजही सांगते, ती थप्पड दादाच्या हातासाठी नव्हती, हसण्यासाठी होती. आप्पा खिशातलं पेन चाचपत होते. नोकरी होती, मी होते, घर होतं. मी त्यांना दोष देत नाही.

माय माझ्याशेजारी दाराशी उभी होती. बायका त्या हॉलमध्ये येत नसत. ती पदर नीट करून आत आली आणि टेबलापाशी थांबली.

"तुमी तुमच्या भाच्याला मारलं, आबासाहेब. तुमचं घर, तुमचं पोरगं. माजं काय फिटलं त्यात?"

"बाई, तुमी मदी बोलू नका."

"मंग तुमी बंद का केलं? म्हनला हुता, खात्री झाली पायजे. म्या मारल्यालं ऐकलं, फुडं माज्या पोरीनं त्या गड्याचा पाय भाजल्याला हाय. त्ये बी ऐका. माज्यावर केस करा, हिच्यावर करा, ह्यांच्यावर गाण्याची करा. आमी केलं त्ये केलं म्हनू. पर माज्या लेकाचा हात कुनी मोडला त्ये आदी लिवा."

मीच तिला म्हटलं, "माय, चल." पायावर पट्टी बांधलेला तो माणूस माझ्याकडंच पाहत होता. आप्पांनी पेन परत खिशाला लावलं. दादा म्हणाला, "आप्पा, चला." राजाभाऊनं कॅसेट काढून भुईवर आपटली आणि तिच्यावर नाचला. त्याला कुणी अडवलं नाही. आप्पा तिथून सरळ घरी आले, त्यांनी ट्रंक उघडली आणि मारहाणीची मूळ कॅसेट फौजदारांच्या टेबलावर नेऊन ठेवली. आयुष्यात त्यांनी मूळ प्रत दुसऱ्यांदा आणि शेवटची कुणाच्या हाती दिली.

खटले चालले तसे चालले. मी मॅट्रिक होऊन बारावीला गेले, पाऊस आला, पुन्हा गेला. आप्पांचा निकाल आधी लागला, कारण त्यात शोधायचं काही नव्हतं, प्रत्येक पुराव्यावर त्यांची सही होती. दंड झाला, काही काळ ते घरी बसले आणि मग कामावर परत गेले. राजाभाऊच्या खटल्यात कॅसेट कोर्टात वाजली. न्यायाधीशांनी डोळे मिटून ऐकली. पण हात मोडला तो टेप उचलून मारल्यामुळं की पडल्यामुळं, यावर डॉक्टरांच्या साक्षीत काहीतरी निसटलं आणि गुन्हा साध्या दुखापतीवर आला. राजाभाऊ दोषी ठरला. मायचा चेहरा उजळला. मग शिक्षा वाचली गेली. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.

कोर्ट उठेपर्यंत म्हणजे काय, हे मायला मी समजावून सांगितलं. न्यायाधीश खुर्चीवरून उठून जाईपर्यंत त्यानं तिथंच बाकावर बसायचं, मग घरी जायचं. मायनं फक्त विचारलं, "जेवून जाईल का तसाच?" आप्पांनी तिला बाहेर नेलं. राजाभाऊच्या माणसांनी त्याच्यासाठी चहा आणला, पेपर आणला. एक जण त्याच्याशी हसत बोलत होता. दादा आत गेला. राजाभाऊच्या समोरचा बाक रिकामा होता, त्यावर जाऊन बसला. वाकडा जुळलेला उजवा हात त्यानं मांडीवर उघडा ठेवला आणि राजाभाऊच्या तोंडाकडं बघायला लागला. बाकीचे खटले पुकारले जात होते, माणसं येत जात होती. मी दारातून हाक मारली, "दादा, एस.टी. जाईल." त्यानं मान हलवली. राजाभाऊनं पेपर वर धरला, मग खाली ठेवला, मग खिडकीकडं पाहिलं, मग छताकडं. चहा तसाच राहिला. शिपायाला त्यानं काहीतरी सांगितलं, शिपाई दादाजवळ आला आणि म्हणाला, "बाबा, तुमचं झालंय, जा की आता."

"त्याचं झालं न्हाय अजून," दादा म्हणाला. "बसू द्या."

आमची एस.टी. गेली. ऊन भिंतीवरून सरकत बाकांपर्यंत आलं. न्यायाधीश उठले, सगळे उठले, राजाभाऊ उठला आणि भिंतीच्या कडेकडेनं दाराकडं गेला. दादा तेव्हा उठला.